उभ्या गाडीची थरथर

गाडी चालत असेपर्यंत अक्काची काही तक्रार नसे. संतपूर सोडले की ती खिडकीकडे तोंड करून बसे आणि कोणाची तूर वाळली, कोणी सोयाबीन काढून हरभरा टाकला, कोणी बांधावरची बाभूळ तोडली, हे सारे मोठ्याने सांगत राही. तक्रार सुरू होई ती गाडी थांबल्यावर. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, पुलाच्या कामापाशी लाल झेंडीवाल्याने अडवले किंवा बिदरमध्ये शिरताना सिग्नल लागला, की ती दोन्ही हातांनी सीटची कड घट्ट धरी.

“अप्पा, तुजी गाडी थरथरायलीय बग. हाडं खुळखुळायलीत माजी.”

“जुनी गाडी हाय, अक्का. थरथरंलच की थोडं.”

“जुनी तर मी बी हाय. मी थरथरायले का?”

अक्का माझी थोरली बहीण. संतपूरला दिलेली, तिथेच विधवा झालेली आणि तिथेच मुलाच्या बरोबरीने शेत सांभाळणारी. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडले होते. आठवड्यातून दोनदा तिला बिदरच्या दवाखान्यात नेऊन यंत्राला जोडावे लागे. यंत्र तिचे रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडी. तिचा मुलगा पिकाच्या कामात असे आणि गाडी माझ्याकडे होती, म्हणून ही ने-आण मी अंगावर घेतली. मी बिदरच्या सरकारी तंत्रशाळेत मोटार दुरुस्तीचा शिक्षक आहे. कन्नडमध्ये शिकवतो आणि घरी येऊन मराठीत विचार करतो. इंजिनाची थरथर कशी शोधावी, हा माझ्या शिकवण्यातला नेहमीचा धडा. आणि माझ्याच गाडीची थरथर मी ‘या रविवारी बघू’ म्हणत किती रविवार ढकलली, ते मोजण्याचे धैर्य मला नाही.

यंत्राच्या दोन दिवसांपैकी एक दिवस औरादच्या बाजाराचा होता. अक्का घरी भरडलेली तुरीची डाळ घेऊन लग्नापासून त्या बाजारात बसत आली होती. ओळीत तिची ठरलेली जागा होती. आजार निघाला तेव्हा तिने डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला, की दिवस बदलून मिळेल का. मिळण्यासारखा नव्हता. “बाजार काय पळून जायलाय का?” असे मी तिला तेव्हा म्हणालो होतो, आणि बोलून मोकळा झालो होतो.

तिच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर, शस्त्रक्रिया करून दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या. तिथली कातडी फुगलेली दिसे आणि तिच्यावर तळहात ठेवला की आत एक बारीक, अखंड थरथर लागे. मांडीवरचे मांजर घुरघुरते तशी. दवाखान्यातल्या परिचारिकेने आम्हाला बजावले होते, “रोज हात ठेवून पाहा. ही थरथर थांबली, तर उशीर करू नका, लगेच घेऊन या.” अक्काने ते काम माझ्यावर सोपवले. गाडीत बसली की ती हात पुढे करी. “बग, चालू हाय का.” मी तळहात ठेवी. “चालू हाय,” म्हणे. मग गिअर टाकी.

अखेर एका रविवारी हत्यारांची पेटी घेऊन मी संतपूरला गेलो आणि तिच्या अंगणातच गाडीचे बॉनेट उघडले. अक्का दारातल्या खुर्चीवर बसून बघत होती.

“तितं नको, हितं बस,” मी गाडीचे दार उघडून म्हणालो. “तुला कुठं, कवा थरथरतंय ते सांग. मी बाहीर काम करतो.”

“म्हंजी मी तुजं यंत्र?”

“व्हय.”

“बिदरात मला यंत्राला बांधतेत, आन हितं मीच यंत्र. लई बढती झाली माजी,” असे म्हणत ती आत बसली.

मी मुलांना शिकवतो, की थरथर जिथे जाणवते तिथेच ती जन्मलेली असते असे नाही. ती लोखंडातून चालत येते. म्हणून एकेक गोष्ट वगळत जायचे. मी इंजिन चालू केले. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न देता ते आपल्या आपण चालू राहिले, तशी सीट थरथरू लागली. थोडा वेग दिला.

“आता?”

“आता न्हाई.”

वेग सोडला. “आता?”

“आली बग परत.”

एसी चालू केल्यावर तिने काही बोलायच्या आधी सीटची कड धरली. सिलिंडर सगळे नीट पेटत होते. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसवलेले असते, त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण फाटल्या नव्हत्या. राहिले पट्टे. या गाडीला दोन पट्टे आहेत. एक पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरवतो, दुसरा एसीचा कॉम्प्रेसर. इंजिन बंद करून, ताण सैल करून मी दोन्ही उतरवले. उलटे वाकवून पाहिले, तर उन्हाळ्यात काळी राने भेगाळतात तशा त्यांच्या पोटावर आडव्या भेगा होत्या. पट्टे काढून इंजिन क्षणभरच चालवता येते, कारण पाण्याचा पंप फिरत नाही आणि ते तापते. पण तेवढा क्षण पुरतो. मी किल्ली फिरवली.

“आता?”

अक्काने सीटला तळहात लावून पाहिला. मग खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाली, “बंद पडली का रं?”

“न्हाई. चालू हाय.”

“मग कळंना कसं?”

म्हणजे दोष इंजिनात नव्हता. पट्ट्यांनी फिरणाऱ्या एखाद्या चाकात होता. इंजिन बंद करून मी एकेक पुली बोटाने फिरवली. एसीच्या पट्ट्याला ताण देणारी छोटी पुली खरखरली, आणि धरून हलवली तर डुलली. ती खोलून हातात घेतली. तिच्या पाठीमागे, बेअरिंगच्या तोंडाशी, काळा पडलेला दोरा वेढ्यावर वेढे घेऊन बसला होता. वेढ्यांत झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती.

खंडे नवमीला आमच्याकडे गाड्यांची पूजा होते. बहुतेक लोक माळ बॉनेटवर घालतात. अक्काला ते पटत नसे. “पत्र्याला कामून घालायलाव? वडतंय कोन, पत्रा का इंजिन?” असे म्हणून ती दर वर्षी बॉनेट उघडायला लावी, इंजिनाला कुंकू लावी आणि स्वतः ओवलेली माळ त्याच्यावर घालून गाठ मारी. वाळेपर्यंत ती माळ काढायची नाही, हा तिचा नियम. दसरा झाल्यावर मी वर्गात मुलांना सांगतो, की गाडी चालू करण्याआधी इंजिनावरचे फूल अन् फूल आणि दोरा काढा. त्या वर्षीही मी तसे सांगितले होते. माझ्या गाडीतली माळ मात्र मी तिच्यासमोर काढली नाही. बिदरच्या वाटेवर गाडी थांबवून घाईने ओढून तोडली. गाठीकडचा दोरा आत राहिला असणार.

मी दोरा सोडवत असताना अक्का गाडीतून उतरून जवळ आली.

“हा माजा दोरा हाय.”

“व्हय.”

“मग माज्या माळंनंच झालं म्हन की हे.”

“तसं न्हाई. मीच नीट काढलो न्हाई.”

“मला कळू नये म्हनून वाटंत काढलास ना?” ती हसली. तिला ठाऊक होते. तिने तो काळा दोरा माझ्या हातातून घेतला, बोटाला गुंडाळला आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवला.

पुली आणि पट्टे आणायला मी तिच्या सुनेची स्कूटर घेऊन औरादला गेलो. सुट्या भागांच्या दुकानातले मियाँ मला वर्षानुवर्षे ओळखतात. त्यांनी पुली डोळ्यांपाशी नेली, कानापाशी धरून फिरवली.

“साब, ये बेरिंग मरी नइं. इसकू तुम फाँसी दिए.”

“दसऱ्याची माळ होती,” मी म्हणालो.

“मालूम. हर दसरे के बाद आतीं ऐसी गाडियां. पन तुम तो बच्चोंकू पढाते. फूलां इंजिनकू कायकू डालते, बोलो?”

“बहीण घालते.”

त्यांनी पुली काउंटरवर ठेवली. “फिर क्या बोल सकते,” म्हणाले आणि पट्टे शोधायला आत गेले.

दुपार कलताना मी नवी पुली बसवली आणि तिच्यावरून पट्टा ओढून घेतला. अक्का पुन्हा दारातल्या खुर्चीवर येऊन बसली होती. तिच्या पायांवर सूज होती आणि पायाखाली सुनेने पाट ठेवला होता.

“लई ताणू नको रं.”

“ताणावं लागतंय, अक्का. सैल ठिवलं तर घसरतंय, वरडतंय.”

“मग किती ताणायचं?”

“अंगठ्यानं मदोमद दाबलं तर थोडं खाली जावं, इतकं.”

“आन लई ताणलं तर?”

“तर ज्याच्या जिवावर ताणलं, ते बेअरिंग जातंय.”

“हं,” ती म्हणाली. मी खाली वाकून बोल्ट आवळत होतो. तिच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

काम संपले. जुने पट्टे, अडीनडीला असावेत म्हणून, डिकीत टाकले. अक्काला आत बसवले आणि गाडी चालू केली. सीट हलली नाही. एसी लावला, तरी हलली नाही. डॅशबोर्डवर सुनेने ठेवलेल्या चहाच्या कपात चहा आरशासारखा स्थिर होता. मला लहान मुलासारखा आनंद झाला. “आता उद्या बग,” मी म्हणालो, “बिदरपतोर झोप लागंल तुला. सिग्नलला बी जाग येणार न्हाई.”

अक्काने डॅशबोर्डवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

“नीट केलास, अप्पा,” ती म्हणाली. “आता मला सांगाया काय राहिलं न्हाई.”

“म्हंजी?”

“मला त्या यंत्रावर जायचं न्हाई आता.”

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

“कितींदा सांगाया बगितले तुला. सांगाया गेले की गाडीच तोंडात याची. तुला बी गाडीच ऐकू आली.”

“मग गाडी थरथरत न्हवती?”

“थरथरत हुती की. खोटं कामून बोलू? पन तेवढंच न्हवतं.”

मी समजावू लागलो. यंत्र सोडले तर काय होईल, किती लवकर होईल, हे सारे मी दवाखान्यातल्या भाषेत सांगितले. सुनेला बोलावले; ती दाराच्या चौकटीला धरून रडू लागली. मी मुलाची शपथ घातली, नातवंडांची घातली. अक्काने मला पुरते बोलू दिले.

“काय हुईल ते मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “माज्या शेजारच्या खाटंवरली बाई आता येत न्हाई. तिकडली बी येत न्हाई. त्यांच्या खाटंवर दुसऱ्या आल्यात. आल्यावर पडायचं, उठल्यावर दोन दिस मळमळायचं, अंग जरा हलकं झालं की परत गाडीत बसायचं. अप्पा, ह्यात माजा बाजार कुठं हाय? उद्या बाजार हाय. मला औरादला ने.”

“उद्या मी तुला बिदरला नेणार,” मी म्हणालो. माझा आवाज चढत नाही. तेव्हाही चढला नाही. पण मी तिच्याकडे न बघता हत्यारे पेटीत एकेक करून ठेवत राहिलो.

मी त्या रात्री तिच्याच घरी राहिलो; रानातून परतलेल्या मुलानेही तिला समजावून पाहिले. सकाळी सुनेने दवाखान्याची पिशवी नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर ठेवली. अक्का बाहेर आली ती बाजाराला नेसायची साडी नेसून; कालचा दोरा तिने या साडीच्या पदरात बांधून घेतला होता. हातात डाळीची रिकामी कापडी थैली होती, घडी घातलेली. ती गाडीत बसली. वाद घातला नाही.

गावाबाहेर मोठ्या रस्त्याला लागताना एका हाताला औराद आहे आणि दुसऱ्या हाताला बिदर. मी गाडी थांबवली. मोठ्या रस्त्याने एक टेम्पो गेला, मग एक ट्रॅक्टर गेला. रस्ता मोकळा झाला, तरी मी थांबलो होतो. अक्काने नेहमीसारखा डावा हात पुढे केला.

“बग, चालू हाय का.”

मी तळहात ठेवला. इतके महिने मी हे करत आलो होतो, पण दर वेळी गाडीची थरथर खालून येई आणि माझ्या हाताला लागणारे किती तिचे, किती गाडीचे, हे मला कधी नीट कळले नव्हते. त्या सकाळी गाडी दगडासारखी निश्चल उभी होती. हाताला लागत होती ती फक्त अक्का.

“चालू हाय,” मी म्हणालो, आणि गाडी औरादकडे वळवली.

बाजारात तिच्या जागेवर एक मिरचीवाली बसली होती. अक्काला बघून तिने तोंडावर हात घेतला. “अगं बया! मेलीस म्हनले हुते की गं मी!”

“मराया येळ कुठं गावायलाय? दवाखान्यात जाऊन यायातच दिस जायलेत,” अक्का म्हणाली. “सर तिकडं. जागा माजी हाय.”

“जागा तुजीच हाय, बस की. मी निस्ती राखायले हुते.”

मिरचीवाली पोते ओढून बाजूला सरली. अक्का रिकामी थैली पसरून तिच्यावर बसली, विकायला काही नसताना. लोक थांबत होते, डाळीचा भाव विचारत होते, ती “पुढल्या बाजाराला” म्हणत होती. थोड्या वेळाने तिने मला उसाचा रस आणायला सांगितले. तिला दिवसाला पाणीसुद्धा मापाने मिळत असे. घोटभर जास्त झाले तरी यंत्रावरच्या परिचारिका रागे भरत. मी अर्धा पेला आणला. तिने पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“भरून आन.”

मी भरून आणला. बर्फ घातलेला. ती डोळे मिटून तो पूर्ण प्याली, आणि ओठांवरचा फेस पदराने पुसला. त्याच पदराने, ज्याच्या टोकाला दोऱ्याची गाठ होती. मी कितीतरी वर्षांत तिला इतकी तृप्त पाहिली नव्हती, आणि मला तिथे, त्या गर्दीत, उभे राहवत नव्हते.

त्यानंतर ती यंत्रावर गेली नाही. आम्ही विचारत राहिलो, ती मान हलवत राहिली. पुढला बाजार आला तेव्हा ती उठण्याच्या अवस्थेत नव्हती. श्वास घेताना तिला उशीला टेकून बसवावे लागे. मी रजा टाकून तिच्याजवळ बसून राहिलो. ती हात पुढे करी, शेवटी शेवटी तर केवळ बोटे हलवी, आणि मी ओळखून तळहात ठेवी. चालू हाय, मी म्हणे. एका दुपारी मी ते म्हणायला गेलो आणि म्हणू शकलो नाही. थांबली तर लगेच घेऊन या, असे आम्हाला सांगितले होते. कुठे घेऊन जायचे, ते त्या दुपारी मला आठवेना.

लोक मला म्हणतात, की तुम्ही तिच्या मनासारखे केले. मी मान खाली घालतो. त्या फाट्यावर गाडी औरादकडे वळवताना माझ्या छातीत दुःखच होते, पण दुःखाच्या तळाशी आणखी एक गोष्ट हलली होती, आणि ती हलली हे मला तत्क्षणी कळले होते. आता आठवड्यातून दोनदा रजा मागायला नको, दवाखान्याच्या बाकावर बसायला नको, अशी एक सुटका. बोटाच्या पेराएवढी असेल, पण होती. त्या सुटकेपायी मी वळलो असे मला वाटत नाही. तिच्यावाचून वळलो असतो का, हे मात्र मला कोणत्याही रीतीने वगळून पाहता येत नाही. पट्टे उतरवून इंजिन क्षणभर चालवून बघावे, तसे मन चालवून बघता येत नाही.

दोरा तिच्या पदराच्या गाठीतच राहिला. तिला शेवटची बाजाराची तीच साडी नेसवली, तेव्हा सुनेने गाठ सोडायला हात लावला आणि मी नको म्हणालो.

गाडी अजून माझ्याकडे आहे. नवे पट्टे चांगले लागले आहेत. बिदरच्या सिग्नलला उभी राहिली, की ती चालू आहे की बंद, हे आत बसणाऱ्याला कळत नाही. शेजारची सीट रिकामी असते. मी गिअरवरचा हात उचलून डॅशबोर्डवर ठेवतो आणि थोडे दाबून धरतो. फार लक्ष दिले तर आत कुठेतरी बारीक थरथर लागते. मग मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागतात.